खांबांचे पाय

कोणाच्याही घरी गेलं की आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, आधी उकिडवे बसून खांबांची बुडं पाहायचे. मला बघायला ते मुधोळला आले, तेव्हाही जयभीम करायच्या आधीच त्यांनी आमच्या ओसरीच्या खांबाखालचा दगडी तळखडा हाताने चाचपला. पाहुण्यांचं काही पडलं असावं असं वाटून माझी आईही वाकून शोधू लागली. "पाय मजबूत हायेत, पोरगी चांगली असन," मामाजी म्हणाले. माझी परीक्षा अशी खांबानेच दिली, आणि मी सून होऊन त्यांच्या घरी आले.

या खोडीचं कारण मला पुढे कळलं. तलमडुगूजवळच्या आमच्या गावाबाहेर काळ्या दगडाचं जुनं देऊळ आहे. भोवतीची जमीन चढत गेल्यामुळे आत पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि दारही ठेंगणं. निजामाच्या काळात मामाजींचे वडील तिथे जळण पोचवायचे. मोळी अंगणाच्या कडेला टाकायची, पुढे पाऊल टाकायचं नाही. लहानगे मामाजी तिथेच बसून राहत. तिथून दारातून खांबांचे फक्त पाय दिसत. कमळाच्या पाकळ्या, सोंडेला सोंड लावलेले हत्ती. वर काय कोरलंय ते कधीच दिसलं नाही. "अर्धाच खांब पाह्यला म्या," ते म्हणत. "भरल्या ताटावरून उठवल्यावानी."

पुढे आंध्रचं राज्य आलं, अडवणारे हात मागे झाले. पण तोवर घराने दीक्षा घेतली होती. "जायाचं होतं तवा जाऊ देल्लं नाही, आता मी काऊन जाऊ?" हा त्यांचा ठरलेला सवाल. मी चिडवायचे, "मामाजी, देवाला नका भेटू, खांबाला भेटा!" ते हसून तंबाखू मळत राहायचे.

मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. गेलेली नजर परत येणार नाही, आणि उरलेलीही जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या संध्याकाळी ते आपणहून म्हणाले, "सूनबाई, पाहून घेऊ एकडाव. दर्शन नोको, नुसता खांब."

आम्ही गेलो. पुजारी चांगला होता. "या बाबा, आत या," म्हणाला. मामाजी दारापर्यंत गेले, थांबले, आणि मागे फिरून अंगणाच्या कडेला आपल्या लहानपणच्या जागी जाऊन बसले. मी हात धरला.

"पाय उतरत नाही व," ते म्हणाले. "मन म्हणते चाल, पाय म्हणते इथंच बस."

मला त्या दाराचा, त्या गावाचा, सगळ्याचा असा संताप आला की रडूच फुटलं. मग डोळे पुसून मीच आत उतरले. खांबांच्या माथ्यावर चारी बाजूंना बुटकी, पोट सुटलेली माणसं होती, हात वर करून तुळई पेलणारी. चुन्याचे थर बसून त्यांचे नाकडोळे बुजले होते.

"माणसं आहेत, मामाजी!" मी ओरडून सांगितलं. "छत उचलून उभी आहेत!"

"माणसं?" ते जागेवरूनच पुढे वाकले. "देव नोय?"

"नाही."

"चेहरा कसा हाय त्यायचा?"

मी निरखून पाहिलं. "हसताहेत."

"वझं घेऊन हसते?" मामाजी म्हणाले. "कोरणाऱ्यानं मोळी उचललीच नसन कधी."

घरी आल्यावर ते ओसरीतल्या आपल्या बाजेवर जाऊन पडले. त्याच हिवाळ्यात गेले. आधी नजर गेली, मग ते. अंथरुणावर असताना एकदा मधेच म्हणाले, "तो हसून राह्यला, हे काही पटत नाही मले."

पुढल्या वर्षी देवळाची डागडुजी निघाली. मी शिकवायचे ती शाळा सुटल्यावर घरी येत होते, मजूर खांबांवरचा चुना खरवडत होते. मी आत डोकावले. माथ्यावरचा माणूस मोकळा झाला होता. तो हसत नव्हता. ओठ ताणलेले, दात आवळलेले, मानेच्या शिरा ताठ झालेल्या. चुन्याखाली मला तेच हसू वाटलं होतं.

मी भराभर घराकडे निघाले. ओसरीत चपला काढता काढता हाक मारली, "मामाजी, तुमचंच खरं निघालं!"

त्यांची बाज भिंतीला उभी करून ठेवलेली होती.