इंजिनाला सोमवारचं दूध

केजला रेल्वे नव्हती. मोगलाईतल्या त्या दिवसांत आगगाडी बघायची तर बैलगाडी जुंपून बार्शीकडे जावं लागे, आणि जाऊन आलेला माणूस पुढे महिनाभर पारावर तीच गोष्ट सांगत बसे. आमच्या घरी मात्र रूळ होते. आडतीच्या दुकानामागे, जवारी वाळवायच्या अंगणात, कडुलिंबाला वळसा घालून गेलेले टीचभर रुंदीचे रूळ. त्यांच्यावरून आमचं इंजिन धावायचं.

इतर घरांतली मुलं हैदराबादेला शिकायला जात आणि वकील होऊन येत. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, गेले ते इंजिन घेऊन आले. तिथला एक गोरा इंजिनियर कायमचा विलायतेला निघाला होता. त्यानं स्वतःच्या हातानं घडवलेलं ते इंजिन मालकांना देऊन टाकलं. का, तर म्हणे वर्षभर हे रोज संध्याकाळी जाऊन त्या इंजिनासमोर नुसते टक लावून बसत. दीड हात लांब, तांब्याचं पोट, वर पितळी घुमट, पुढे धुराडं, आणि अंगभर मोहरीएवढे खिळे ठोकलेले. खेळणं म्हणावं तर उचलायला दोन माणसं लागत. आत खरी भट्टी होती, खरी वाफ धरायची, आणि शिटी अशी वाजायची की दुकानातले हमाल पोती टाकून मागे बघायला यायचे.

मालकांना दमा होता. धूर नाकात गेला की खोकून खोकून बेजार व्हायचे. त्यामुळे पाणी, तेल आणि बोलणं त्यांच्याकडे, विस्तव माझ्याकडे, अशी आमची वाटणी होती. चूल पेटवणारीला भट्टी काय शिकवायची, असं मी सुरुवातीला ठसक्यात म्हणाले आणि पहिल्याच दिवशी भुवया जाळून घेतल्या. मग मुकाट्यानं शिकले. सोनाराकडचा बाभळीचा कोळसा किती बारीक फोडायचा, काचेच्या नळीत पाणी कुठवर दिसलं पाहिजे, वाफ धरली तरी घाई कशी करायची नाही. जेवणाची वेळ झाली की मालक एक लांब शिटी देत. ती ऐकून सासूबाई पाट मांडायच्या.

मालक दम्यानंच गेले. त्यांच्याबरोबर माझ्या अंगावरचं जे जायचं ते गेलं. इंजिन पडवीत गोणपाटाखाली राहिलं.

वर्ष झालं असेल. थोरल्या दिरांच्या मुलीचं लग्न ठरलं. दीर आडतीचे कर्ते. माणूस वाईट नव्हे, पण जी वस्तू दूध देत नाही, ओझं ओढत नाही किंवा तराजूत बसत नाही ती त्यांना दिसतच नसे. धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत, म्हणून ते मला जे सांगायचं ते सासूबाईंना सांगत आणि मी सासूबाईंनाच उत्तर देई. मधल्या मधे म्हातारीचे कान किटत.

त्या दिवशी ते पडवीसमोर उभे राहून म्हणाले, "आई, त्या इंजनात तांबं लई हाय. पोरीचा हंडा, घागर, परात, समदं त्यातनंच निघंल. तांबटाला सांगून ठेवलंय मी."

मी आतून म्हणाले, "अत्याबाई, त्यांना म्हणावं, ते भंगार न्हाई. चालतंय ते."

दीर कडुलिंबाकडे बघून हसले. "चालतंय व्हय? मग एक पोतं जवारी ओढून दाखवावं म्हणावं. अंगणाचा एक फेरा. ओढलं तर राहू दे घरात. न्हाई ओढलं तर बाजाराच्या दिवशी तांबटाकडं."

"ओढंल म्हणावं," मी म्हणाले.

मला राग आला होता. नवरा गेला तेव्हा मला कुणी काही विचारलं नव्हतं. हे इंजिन मात्र मी जाऊ देणार नव्हते, मग विधवा बाई अंगणात काय आगीशी खेळतेय म्हणून सगळा बाजार हसला तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचून भट्टी पेटवली. वाफ धरली, पण काचेच्या नळीतलं पाणी स्थिर राहीना. आंबील उतू जावी तसा त्यात फेस चढत होता. मी वाफेची मूठ उघडली तर धुराड्यातून पांढरट, चिकट पिचकारी उडाली ती थेट माझ्या लुगड्यावर. चाकं अर्धी फिरली आणि थांबली. दुकानाच्या दारातून कुणीतरी खो खो हसलं.

लुगडं पुसताना वास आला. करपलेल्या दुधाचा वास बाईला झोपेतही कळतो.

इंजिन निवल्यावर मी घुमटाचं झाकण फिरवून काढलं. पाणी भरायचं भोक तिथंच असतं. आत बोट घातलं तर पिवळी खरवड हाताला लागली. सासूबाई ओट्यावर जप करत होत्या. नेमक्या त्याच वेळी त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

"अत्याबाई, ह्याच्यात दूध कुणी घातलं?"

"मी," त्या म्हणाल्या. "दर सोमवारी, पळीभर."

"कावून?"

"तो झाकण काढून पाणी घालायचा आन् मग ते जितं व्हायचं. मी बघायची की हितनं. वरचा घुमट बघ, पिंडच हाय ती. म्हटलं, लेक गेला, त्याच्यामागं ह्या पिंडीचं कोण करणार? आन् नुसत्या पाण्यावर किती दिवस ठिवायचं?"

मी ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. पण त्या पळी हातात धरून गोणपाटापाशी एकट्याच बसल्यात, असं डोळ्यांपुढे आलं आणि मी हातातलं झाकण खाली ठेवलं. वर्षभर मला वाटत होतं की मालकांची आठवण फक्त मलाच येते.

"उठा," मी म्हणाले. "पाणी तापवू लागा. ह्याच्या पोटातलं दूध काढायचंय. आन् इथून पुढं सोमवारी तुमीच घाला, पण पाणी. निस्तं पाणी."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि खरंच उठल्या.

इंजिन बिघडलं तर काय करायचं ते मालकांनी शिकवलं होतं. दुधाचं पातेलं करपलं तर काय करायचं ते आईनं शिकवलं होतं, आणि आता तेच कामाला आलं. पापडखार घालून आत पाणी उकळायचं, ओतून द्यायचं, पुन्हा उकळायचं. पहिल्यांदा निघालं ते बघवत नव्हतं. सासूबाई चुलीवरून आधण आणून देत होत्या आणि मी फडक्यानं धरून इंजिन रुळावर मागेपुढे हलवत होते. आमचे हात सोलवटले. दीर येता-जाता डोकावून बघत. बाजाराच्या आदल्या दिवशी आत घातलेलं पाणी जसंच्या तसं नितळ बाहेर आलं, तेव्हा सासूबाईंनी ते ओंजळीत धरून हुंगून पाहिलं आणि मान डोलावली.

बाजाराच्या दिवशी तांबट तराजू घेऊनच आला. हमालांनी इंजिनामागे जोडलेल्या बुटक्या गाड्यावर जवारीचं पोतं आडवं टाकलं. गाडा करकरला. मी भट्टीत कोळसा सारला, काच बघितली. पाणी शहाण्यासारखं उभं होतं. मूठ हळूच उघडली. इंजिनानं एक हुंकार दिला, मग दुसरा, आणि पोतं हललं. मी शेजारनं चालत होते. तोंडानं 'चल, चल' म्हणत होते, हे मला नंतर इतरांनी सांगितलं.

कडुलिंबाच्या वळणावर थोडा चढ आहे. तिथं चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. उत्साहाच्या भरात मी एरंडेल जास्त पाजलं होतं, ते रुळावर ओघळलं होतं. वाफ भसाभस वाया जात होती. दिरांनी तांबटाकडे बघितलं.

"राख!" मी ओरडले. "कुणीतरी राख आणा!"

चूल आत, दोन खोल्या पलीकडे. तोवर वाफ संपली असती. तेवढ्यात सासूबाई ओट्यावरून उतरल्या. कमरेची पिशवी सोडून त्यांनी विभूतीची वडी काढली आणि वाकून दोन्ही रुळांवर खसाखसा घासायला लागल्या.

"आई!" दीर ओरडले. "इभूत हाय ती! भुईला लागू देत न्हाईत, आन् तू चाकाखाली घालायलीस?"

त्यांनी मान वर केली नाही. "लेकाच्या कपाळाला लावायची ती. आता त्याच्या चाकाला लावते."

पांढऱ्या झालेल्या रुळावर चाकांनी पकड घेतली. एक हुंकार, मग दुसरा, आणि पोतं चढ चढून गेलं. मी काच बघत होते, पण मला काच दिसत नव्हती, डोळे भरून आले होते. फेरा जिथं सुरू झाला तिथं इंजिन आणून मी मूठ बंद केली. तांबटानं तराजू गुंडाळला आणि तो बाजारात निघून गेला.

दीर इंजिनापाशी येऊन उकिडवे बसले. बराच वेळ त्या तापलेल्या तांब्याकडे बघत राहिले. मग ना आईकडे वळले, ना कडुलिंबाकडे. सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, शिटी कावून वाजविली न्हाईस? तो वाजवायचा की."

लग्न होऊन आल्यापासून त्यांनी माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. वाफ पोत्याला पुरावी म्हणून मी शिटीला हात लावला नव्हता. आता आत थोडीच उरली होती. ती सगळी मी शिटीला दिली, आणि सासूबाई पाट मांडायला आत गेल्या.