नमुन्याचं बटण

माझी लेक दहा महिन्यांची असताना तिने काय काय तोंडात घातलं नाही? भिंतीचा पोपडा, माझ्या चपलेचा पट्टा, लाईटबिलाचा कोपरा. एकदा तर तिच्या ओठांमधून मुंगी जिवंत बाहेर आली. डाळभात समोर धरला की मात्र बाईसाहेबांचं तोंड घट्ट मिटलेलं. तिला सगळं जग चाखून बघायचं होतं, आणि मला ते तिच्यापासून लांब ठेवायचं होतं.

आम्ही तेव्हा उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये राहायचो. बाहेरच्या खोलीत जीन्सला बटणं ठोकायचं हातमशीन होतं, ते मी चालवायचे. या बटणाचे दोन भाग असतात. बाहेरून दिसते ती टोपी आणि आतून तिच्यात घुसतो तो टोकदार खिळा. रांगतं मूल आणि हे खिळे एकाच खोलीत! म्हणून मी दोरीला एक लोहचुंबक बांधून ठेवलं होतं. काम संपलं की ते फरशीभर फिरवायचं, सांडलेलं सगळं त्याला चिकटायचं, मगच लेकीला खाली सोडायचं.

सासूबाईंचा त्यावर विश्वास नव्हता. त्या बदलापूर गावातल्या. माझं चुंबक फिरून झालं की त्या गुडघे टेकून तळहाताने फरशी चाचपायच्या. मला तो माझ्या कामावरचा अविश्वास वाटायचा. "आई, चुंबकापेक्षा तुमचा हात शहाणा आहे का?" असं मी एकदा फाडकन बोलले, वर हसलेही. त्या दिवसापासून त्यांनी चाचपणं सोडलं. मला वाटलं, जिंकले.

महिनाभराने मला काम देणाऱ्या सेठने नव्या मालाचा नमुना पाठवला. पुडीत एकच जोडी, एक टोपी आणि एक खिळा. पुडी मी मशीनवर ठेवली. दुपारी काम आवरलं, चुंबक फिरवलं, लेकीला खाली सोडलं आणि आत भांडी घासायला गेले.

"तोंडात काय गं तुझ्या? थूक. आधी थूक!"

धावत आले तर सासूबाईंचं बोट नातीच्या तोंडात, आणि ती आपल्या दोन दातांनी ते चावतेय. बाहेर निघाली पिवळीधमक टोपी. पुडी मशीनखाली फाटून पडली होती. माझंच कोपर लागलं असणार.

खिळा कुठे होता?

मी वेड्यासारखं चुंबक फिरवलं. काही नाही. मग ती टोपीच त्याला लावून पाहिली. चिकटेना. नवा माल पितळेचा होता. पितळ चुंबकाला चिकटत नाही, हे मी शाळेच्या परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. लेकीला उचललं. ती खोकत नव्हती, रडत नव्हती, मजेत माझं मंगळसूत्र चोखत होती. पण खिळा पोटात गेला असेल तर? "दवाखान्यात नेते," म्हणाले आणि एकाच पायात चप्पल घालून निघाले.

सासूबाई गुडघ्यांवर बसून, तळहात फरशीला टेकवून दारापासून भिंतीकडे सरकत होत्या. मी जिन्यात पोचते तोच मागून हाक आली.

"गावला! गावला गं! माघारी ये!"

खिळा त्यांच्या तळहातात रुतला होता. रक्त मनगटापर्यंत ओघळलेलं, आणि त्या हसत होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि रडले. "आई, चुकलं माझं," एवढंच म्हणता आलं. दवाखान्यात शेवटी गेलोच, पण त्यांच्या धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी.

दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर मी चुंबक फिरवलं. मग गुडघे टेकले आणि तळहात फरशीवर ठेवला. पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन सासूबाई पलंगावरून बघत होत्या.

"इतका हलका नको फिरवू," त्या म्हणाल्या. "दाबून फिरव. टोचलं पाहिजे."