तात्यांची दुसरी नळी

सकाळी प्रयोगशाळेत आले की तात्या टोपी खुंटीला अडकवायचे आणि आधी नळ्यांना भेटायचे. भेटणं हा त्यांचाच शब्द. उबेच्या कपाटातून एकेक काचेची नळी काढायची, खिडकीकडे धरायची आणि जंतू वाढवायला आत घातलेला मांसाचा रस नितळ आहे की गढूळ, ते पाहायचं. गढूळ म्हणजे जंतू वाढले. बाकीचे लोक दोन दिवसांत ‘वाढ नाही’ असं लिहून मोकळे होत. हाडात धातू बसवलेल्या रोग्याच्या नळ्या मात्र तात्या चौदा दिवस ठेवत. “लोखंडावर बसलेला जंतू लई आळशी,” ते म्हणायचे. “त्याला उठाया येळ द्यावा लागतो.”

सत्तर सालानंतरची ही गोष्ट. तात्या वेल्ह्याकडचे, मी भोरची. पुण्याच्या त्या इस्पितळात आम्ही दोघंच आपल्या बाजूची, म्हणून त्यांनी मला हाताखाली घेतलं आणि खरंच जीव लावून शिकवलं. सांध्यातून सुईने काढलेलं पाणी ते नेहमी दोन नळ्यांत घालायचे. “एक नळी गढूळली तर आपला हात घाण. दोन्हींत त्योच जंतू निगाला तर सांधा घाण.” हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

उत्रोलीची माझी आत्या भाताच्या बांधावरून पडली आणि तिचा खुबा मोडला. आमच्या इस्पितळातले हाडांचे मोठे डॉक्टर, ज्यांना सगळे साहेब म्हणत, त्यांनी तिच्या मांडीच्या हाडाला स्टीलचा गोळा बसवला. जखम छान भरली, पण पाच महिन्यांनी पुन्हा ठणका लागला. ताप नाही, सूज नाही. साहेबांनी सांध्यातलं पाणी तपासायला पाठवलं. मी आत्याला म्हटलं, “तपासायला तात्या आहेत, आपल्याच बाजूचे. तू निर्धास्त राहा.”

नवव्या दिवशी दोन्ही नळ्या गढूळल्या. सूक्ष्मदर्शकाखाली मी स्वतः पाहिलं, दोन्हींत द्राक्षांच्या घडासारखे तेच गोल जंतू. तात्यांनीही पाहिलं. “उद्या सांगू साहेबांना,” एवढंच म्हणाले. पुढच्या आठवड्यात मुंबईचे डॉक्टर येणार होते आणि साहेब आपल्या शस्त्रक्रियेचं यश म्हणून त्यांना आत्याला चालवून दाखवणार होते. तसं सगळ्या इस्पितळाला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी कपाटात एकच नळी होती. दुसरी धुऊन पालथी घातलेली. अहवालावर तात्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, एका नळीत वाढ, बहुधा बाहेरची घाण.

मी तडक साहेबांकडे गेले. त्यांनी तात्यांना बोलावलं. तात्या माझ्या शेजारी उभे राहून म्हणाले, “पोर नवी हाय साहेब. नळ्यांची गल्लत झाली आसंल तिची.” साहेबांनी मान डोलावली आणि मला जायला सांगितलं.

मी जिन्यात तात्यांना अडवलं. ते खाली बघत म्हणाले, “म्या हितं काचा धुवाया आलो व्हतो पोरी. साहेबांनी मला मानसात आनलं.” मला तेव्हा त्यांची दयाही आली नाही, आजही येत नाही. शिकवणारा माणूस असा फिरला की त्याने शिकवलेलं सगळंच हातात घेताना किळस येते. मी महिनाभरात ती नोकरी सोडली.

आत्या पाहुण्यांसमोर चालली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. दिवाळीनंतर तिच्या मांडीतून पू वाहू लागला. गोळा काढावा लागला आणि पाय आखूड झाला. भातलावणीला ती पुन्हा कधी उतरली नाही. खरं काय घडलं ते मी तिला सांगितलं नाही. भरवसा ठेव म्हणणारी मीच होते.

निवृत्त झाल्यावर तात्या तिला बघायला उत्रोलीला आले. मी तिथेच होते. चहा झाल्यावर आत्याने सहज विचारलं, “तात्या, तवा तुमी तपासलंत, तवा काय दिसलं न्हवतं व्हय?”

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “न्हाई आक्का. दिसलं आसतं तर सांगितलं नसतं का?”

“त्ये बी खरंच,” आत्या म्हणाली. भिंत धरून उठली, लंगडत आत गेली आणि घरच्या आंबेमोहराची पिशवी घेऊन आली. “परक्या गावात तुमीच तेवढं आपलं मानूस व्हता,” म्हणत तिने ती पुढे केली.

तात्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.