प्रोफेसर व्यूबेना आणि शतावरीची भेग

प्रोफेसर व्यूबेना पहिल्यांदा माझ्या शेतावर आले ते काम मागायला. विद्यापीठात शेतीयंत्रांचा अख्खा विभाग सांभाळणारा माणूस! म्हणाले, "लूअर्सबाई, तीन आठवडे शतावरी काढायला ठेवून घ्या."

"कंबर धरली तर कुरकुर चालायची नाही हं," मी ठणकावलं.

धरली की! चौथ्या दिवशी स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येईना. तरी रोज सहाला हजर. शतावरीचा पांढरा कोंब भाजीला विकतात, तो वरंब्याच्या पोटातच असताना कापायचा. ऊन लागलं की रंग गेला, भाव गेला. कोंब वर रेटला की मातीवर बारीक भेग दिसते, तिथे बोटं घालायची, सुरी खुपसायची, खड्डा थापीने सारखा करायचा. असं दिवसभर. माझ्या सासूची कंबर या कामात जी वाकली, ती शवपेटीतही सरळ झाली नाही.

"हे माणसाचं काम नव्हे," प्रोफेसर म्हणाले आणि यंत्राच्या मागे लागले. कांद्याची पात छाटणारं, कोबीची रोपं लावणारं, अशी कितीतरी यंत्रं त्यांनी आधी केली होती. पण या कोंबाने त्यांची दहा वर्षं खाल्ली. यंत्राला कॅमेऱ्याचा डोळा बसवला, तो भेग शोधायचा.

शेवटी पैसा देणारी सरकारी समिती यंत्र बघायला येणार ठरलं, माझ्याच शेतावर. पसंत पडलं तर काम पुढे, नाहीतर दहा वर्षं पाण्यात.

चार मोठी माणसं येणार म्हटल्यावर मला कुठला धीर! सकाळीच थापी घेतली आणि सगळे वरंबे गुळगुळीत करून टाकले. शेजारीण म्हणाली, "काय झाक दिसतंय गं!" मी फुगले.

यंत्र वरंब्यावरून गेलं. परत आलं. एक कोंब नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भेगा मीच बुजवल्या होत्या!

समितीचे ड्रायहाउप्ट म्हणाले, "काय हो प्रोफेसर, यंत्राचा आज उपास का?"

"साहेब, मीच..." मी तोंड उघडलं.

"यंत्र चुकलं," प्रोफेसर मध्येच म्हणाले. "नीटनेटक्या बाईच्या शेतात ज्याला काम जमत नाही, ते यंत्र काय कामाचं?" मग माझ्याकडे वळले. "भेग नसली तर तुम्ही काय करता?"

मी गुडघे टेकले, तळवा वरंब्यावरून फिरवला. एका जागी माती तटतटलेली लागली. "इथे." सुरी घातली, कोंब बाहेर.

साठीचे प्रोफेसर चांगल्या सुटात माझ्याशेजारी मातीत बसले. हात फिरवत राहिले. "मला नाही कळत."

"मग डोळे मिटा की!" मी खेकसले.

मिटले. बऱ्याच वेळाने त्यांचा तळवा थांबला. "हां... आहे इथे." काय तो चेहरा! इतका शिकलेला माणूस, सगळ्यांदेखत माझ्याकडून शिकत होता. मला भरून आलं.

ते उठले. "डोळ्याने भागायचं नाही," ड्रायहाउप्टना म्हणाले. "मातीत चाचपणारं यंत्र करावं लागेल. सात वर्षं लागतील."

"अहो, पाच वर्षांत तुम्ही निवृत्त होताय!"

"हो ना. म्हणून तर उद्याच सुरू करायला हवं. शेवटची दोन वर्षं काम करणारा माणूसही मलाच तयार करायचाय."

ड्रायहाउप्टनी कोट काढून शेजारच्या सदस्याच्या हातात दिला, खाली बसले आणि मला म्हणाले, "बाई, मलाही दाखवा बरं, हात कुठे ठेवायचा."