उंबऱ्यावर सांडलेलं पाणी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. घरी नाही, कामावरच्या माणसांत तर नाहीच. आज सांगतोय, कारण आता माझाच मला वैताग आलाय.

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर मी सुपरवायझर आहे. सिरसाळ्याकडच्या एका गावात देवीचं फार जुनं, विटांचं देऊळ आहे. त्याची दक्षिणेची भिंत माझ्याकडे होती. अशा भिंतीला चुनाच लागतो — आणि चुना आधी भिजवून मुरवावा लागतो. पण वेळ होता कुठे? उद्घाटनाला पुढारी यायचे होते, वरून रोज फोन. मुरत घातलेला चुना तसाच हौदात सोडला आणि गुडघाभर उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा मारला. त्यावर विटकरी रंग. फोटो छान आले.

जमिनीतली ओल जुन्या विटांत चढते आणि बाहेर सुकते. सिमेंटनं तिची वाट बंद होते, मग ती आणखी वर चढून विटा फोडते. हे मला माहीत नव्हतं? होतं. चांगलं माहीत होतं.

दोन पावसाळ्यांत गिलाव्याच्या वरच्या विटांचा भुगा झाला, कोपरा ढासळला. चौकशीला साहेब आले. आणि मी — कसं तोंड उचललं कोण जाणे — म्हणालो, बायका रोज देवीवर पाणी घालतात, ते भिंतीत मुरतं.

घालायच्या ना. शेतावर जाताना प्रत्येकीचा एक तांब्या. पण ते पाणी उत्तरेच्या दगडी पन्हाळीतून बाहेर जायचं. ती पन्हाळ मीच साफ करून घेतली होती. ढासळली ती दक्षिणेची भिंत! साहेबांनी मात्र मान डोलावली. दाराला जाळी बसली, कुलूप लागलं, पाटी लागली — पाणी घालू नये.

गेल्या महिन्यात पाहणीला गेलो. भिंत आणखी झडलेली. जाळीशी गावातली म्हातारी गयाबाई तांब्या घेऊन उभी होती.

"सायेब, इतकी वर्सं आत थेंब न्हाई गेला आमचा. मंग कावून झडायली भिंत? का आमच्या सासवांनी घातलेलं आत्ता मुरायलंय?"

"लई जुनं बांधकाम हाय, आजी," मी म्हणालो.

म्हणजे — पुन्हा तेच.

तिनं जाळीतून हात जाईल तेवढा घातला आणि तांब्या उपडा केला. पाणी देवीपर्यंत पोचलं नाही, उंबऱ्यावरच सांडलं. कुलपाची किल्ली माझ्या खिशात होती.