न वाचलेल्या गाठी

वामन गेल्याचा फोन आला तेव्हा मी पहिल्या वर्षाचे पेपर तपासत होतो. हिशेबशास्त्राचा उगम कोठे झाला, या प्रश्नाला साऱ्यांनी 'इटली' लिहिलं होतं आणि मी गुण देत चाललो होतो...

तुमसरच्या कॉलेजात वाणिज्य शिकवण्यात माझी आणि वामनची उमेदीची वर्षं गेली. इटलीचं ते वाक्य त्यानंही वर्षानुवर्षं शिकवलं. मग आंबागडच्या तलावावर त्याला चंद्रभागाबाई भेटली, मासेमार ढिवरांपैकी एक म्हातारी. मासोळीचे वाटे पडताना तिच्या हातात गाठी मारलेली सुतळी असायची. जाळ्याला किती जणांचे हात लागले, कोणाचं जाळं फाटलं, कोण आजारी म्हणून त्याचा वाटा राखायचा, सारं त्या गाठींत. मागच्या मोसमाचे वाटेही ती बोटांनी चाचपून सांगायची. वामननं यावर निबंध लिहून एका चर्चासत्राला पाठवला. उत्तर आलं: लिखित नोंद नाही, तेव्हा हा हिशेब नव्हे, लोकरीत म्हणून विचार व्हावा.

"कागदावर असता तर हिशेब, सुतळीवर आहे म्हणून रीत," एवढंच तो म्हणाला. पण ते त्याला आतून लागलं. रोज नवा आक्षेप त्याच्या मनात यायचा आणि तो त्याचं उत्तर लिहीत बसायचा. इकडे बाईची नजर जात चालली होती.

"तुमच्यामागं हे कोनाले येते, बाई?" मी एकदा विचारलं.

"कोनालेच नाही. पोरं मोबाईलवर हिसाब मांडून रायले."

परतताना वामन तलावाच्या पाळीवर दोनदा थांबला, छातीवर हात ठेवून.

"डॉक्टरले दाखव न," मी म्हटलं.

"पयले हे होऊ दे. तिच्यापाशी वेळ कमी आहे."

तेरवीनंतर वहिनींनी त्याच्या चार वह्या माझ्या हाती दिल्या. पानापानावर त्या न पाहिलेल्या विद्वानांना दिलेली उत्तरं. गाठींच्या अर्थाचं पान एकच, तेही अर्धं.

मी दुसऱ्याच दिवशी आंबागडला गेलो. बातमी ऐकून चंद्रभागाबाई चाचपडत भिंतीपाशी गेली. मग तिनं खुंटीवरची सुतळी काढली. "सर गेले... तुमी लिवता का?"

मी लिहू लागलो. पहिली गाठ, दुसरी, तिसरी. चौथीवर तिची बोटं थांबली. मागं गेली, पुन्हा पुढं आली.

"हे कोनाची..." ती पुटपुटली. "आठवून नाही रायलं."

मी चारचा आकडा घातला आणि पुढची जागा कोरी सोडली. तिची बोटं पाचवीकडे सरकली.