सुमंताचा रिकामा रथ

बाकडं जुनं झालं की त्यावर धूळ कमी, किस्से जास्त साचतात. जर्सी सिटीत आमच्या बिल्डिंगखाली असंच एक होतं. पोरं ऑफिसला गेली की आम्ही तिघं म्हातारे तिथं. मी, नागपूरचे वानखेडे गुरुजी आणि काठमांडूचे थापाजी. थापाजींनी जन्मभर टॅक्सी चालवली. अन् कविता करायचे, नेपाळीत!

कविता रामायणावरच, पण सुमंताच्या तोंडून. रामाला वनात सोडून रिकामा रथ घेऊन परतला ना, तो सारथी. गुरुजी बुद्धाला मानणारे. म्हणाले, "थापाजी, रामायण मला कधी पटलं नाही. पण तुमचा ड्रायव्हर पटला हो!"

*

बिल्डिंगच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत मशीन फिरायला लागलं की थापाजींना लय सापडायची. गळा मोकळा सोडून म्हणत. एकदा एका बाईनं फोन केला, "खाली कुणाला तरी फार दुखतंय!" बिल्डिंगची देखभाल बघणारा सुपर धावत आला.

थापाजी शांतपणे म्हणाले, "दुखतंय खरं. पण सुमंताला!"

*

एक ओळ त्यांनी मला हिंदीत समजावली. "रथ हलुका भयो, घोडाले तान्न सकेन." रथ हलका झाला, घोड्यांना ओढवेना.

मी म्हटलं, "उलटंच की! हलकी गाडी तर पळते."

"प्रकाशला विमानतळावर सोडून मी एकटा परतलो, तेव्हा नाही पळाली," ते म्हणाले. प्रकाश म्हणजे त्यांचा मुलगा.

माझाही मुलगा त्याच वाटेनं गेलेला.

*

त्यांना एकच आस, प्रकाशनं ती कविता एकदा पुरती ऐकावी. नेपाळीत बापाला बुवा म्हणतात; प्रकाशचं ठरलेलं, "बुवा, वीकेंडला." वीकेंडला त्याचा ऑफिसचा पेजर वाजायचा.

दसऱ्याच्या कार्यक्रमात थापाजींना पाच मिनिटं मिळाली. रथ अयोध्येच्या वेशीशी आला अन् माइकवाला म्हणाला, "अंकल, डिनर रेडी आहे!" सगळे उठले. प्रकाश अजून बाहेर पार्किंग शोधत होता.

गुरुजी म्हणाले, "अयोध्येतही पार्किंग नव्हतं वाटतं, रथ वेशीवरच राहिला!"

थापाजी सगळ्यांत जास्त हसले. घरी येताना मात्र उरलेल्या ओळी स्वतःशीच पुटपुटत राहिले.

*

व्हिसा संपला. प्रकाश त्यांना एअरपोर्टला सोडायला निघाला. थापाजी पुढं बसले, पट्टा लावला, काच खाली करून आम्हाला म्हणाले, "आज भरपूर ट्रॅफिक लागू दे!"

संध्याकाळ झाली तेव्हा गाडी परत आली. प्रकाश किती तरी वेळ आतच बसून. मग हळूच येऊन थापाजींच्या जागेवर टेकला.

गुरुजींनी विचारलं, "एवढा उशीर? ट्रॅफिक लागलं ना रे?"

"जाताना लागलं, काका."

"अन् येताना?"

प्रकाशनं हातातली किल्ली बाकड्यावर ठेवली.

"येताना रस्ता मोकळाच होता. गाडीच ओढेना."